डागाखालचं फडकं

कपड्यावर तेल सांडलं की बायका आधी काय करतात? धावत जाऊन कढत पाणी ओततात. ओता! म्हणजे डाग घर करून बसेल आणि मग या रडत भगवतीकडे. मी आपण होऊन कुणाला शिकवायला जात नाही. विचारलं तर सांगते, आणि जिच्याकडून शिकले तिचं नावही सांगते. मग समोरच्या बाईचं तोंड बघण्यासारखं होतं. जमुनाबाय जाऊन आता वर्ष झालं, तरी ह्या आमच्या बेटावरच्या कांप दे मास्क गावात तिचं नाव निघालं की माणसं विषय बदलतात.

जमुनाबाय माझी शेजारीण. तिच्या माझ्या अंगणात एक बांबूचं कुंपण होतं, तेही मधोमध मोडलेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा सतरा वर्षांची होते, ती तिशी ओलांडलेली विधवा. तिला मूलबाळ नव्हतं. होता तो एक धाकटा भाऊ, प्रेम. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता, आणि जमुनाबायने त्याला कडेवर घेतला तो पुढे कधी खाली ठेवलाच नाही. दुसऱ्या लग्नाची दोन स्थळं आली, पण दोन्ही घरांनी भावाला ठेवून घ्यायला नाही म्हटलं. हिने त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

आणि माझा नवरा गोवर्धन. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. मी नाही घेतलं तर आता घेणार कोण? तो उसाची लॉरी चालवायचा. एकोणऐंशी सालच्या गणपतीत, चतुर्थीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. तो जाणार हे आदल्या दिवशी एका फडक्यावर उमटलं होतं, आणि ते फडकं माझ्या हातात होतं.

पण आधी जमुनाबायचं काम सांगते, त्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही.

लग्नाआधी ती सें पिएरकडच्या एका बंगल्यात धुण्याला होती. तिथे जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरायची आणि तिच्यावरच चरबीचे थेंब सांडायचे, असला प्रकार. डाग राहिला की मालकीणबाई फ्रेंचमध्ये किंचाळायची. ह्या पोरीने मग स्वयंपाकघरात जे हाताला लागेल ते लावून बघितलं. तांदळाचं पीठ, अंगाला लावायची पावडर, लिंबू, मीठ, धुण्याचा सोडा, निळा साबण, आणि अगदीच नाइलाज झाला तर रॉकेल. कुठलं कशाला चालतं ते तिला तिथे कळलं. गावात परत आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत पांढरटले होते, आणि पार ब्रीझे वेर्दिएर गावापासून बायका तिच्याकडे साड्या घेऊन यायच्या.

डाग घेऊन कुणी आलं की तिचा पहिला प्रश्न एकच. "कसलं तेल?"

समईतलं खोबरेल असेल तर एक उपाय, भजी तळल्याचं असेल तर दुसरा, शिवणयंत्राचं असेल तर तिसरा. उत्तर मिळाल्याशिवाय ती कपड्याला हात लावायची नाही. मग डागाखाली एक कोरडं जुनं फडकं घालायची. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच बायका विसरतात. वर पावडर पसरायची, तासभर तसंच ठेवायचं, झटकायचं, मग साबणाचा हात कडेकडून आत न्यायचा. मधोमध घासलं की डाग पसरतो. आणि घासायचं हळू, खालचं फडकं दोन्ही हातांनी ताणून धरायला कुणीतरी पाहिजे. ते धरायला मी. वर्षानुवर्षं मीच.

"डाग कुठे जात नाही गो भगवती," ती म्हणायची, "ह्यातून निघतो आणि त्यात बसतो. म्हणून खालचं फडकं चांगलं धर."

एकदा शाळेतले सत्यनारायण गुरुजी सदरा घेऊन आले. खांद्यावर डाग. कसलं तेल? म्हणाले, जेवताना सांडलं. जेवताना खांद्यावर! जमुनाबायने नाक जवळ नेलं, मलाही वास आला. चमेलीचं तेल. त्यांच्या बायकोने जन्मात कधी चमेली लावली नव्हती. मी पदर तोंडात कोंबला. जमुनाबाय नुसती त्यांच्याकडे बघत राहिली, शेवटी गुरुजी खाली मान घालून म्हणाले, "डोक्याचं आहे." तेव्हा कुठे तिने पावडर घेतली. डाग काढून दिला, आणि पुढे कधी कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. मलाही दम भरला. म्हणून तर सगळा गाव तिच्याकडे यायचा. तिच्या पोटात गेलेलं बाहेर यायचं नाही. मला तेव्हा ह्याचं फार कौतुक होतं. आता त्या कौतुकाला आग लागो असं वाटतं.

लॉरी चंद्रमोहनबाबूंची. त्यांचा पंचवीस एकर ऊस आणि ही एक म्हातारी लॉरी. रात्री आमच्या अंगणाच्या कडेला लिचीखाली उभी राहायची. त्या वर्षी तोड सुरू व्हायच्या आधी गोवर्धनने तिला स्वतः रंग दिला. अर्धा डबा पिवळा होता, अर्धा निळा होता, त्याने दोन्ही एकत्र घोटले. जो काय हिरवा झाला! अयो, डोळ्यांना त्रास व्हायचा. चाकांच्या लोखंडी वाट्यांनाही तोच लावला. मुलं लॉरीला पोपट म्हणायला लागली. मी म्हटलं, "अहो, ह्या रंगात तर तुम्ही फ्लाकपासून ओळखू याल." तो म्हणाला, "मग बरंच की, तुला चहा टाकायला वेळ मिळेल."

रंग वाळतोय तोवरच त्याने ब्रेकमध्ये तेल भरताना थोडं सांडलं, आणि चाकावरचा रंग फोड येऊन सुटला. बाहीलाही लागलं. जमुनाबायने बाही हातात घेतली, पावडर टाकली, पावडर चिकट झाली पण तेल काही प्यायली नाही. मग तिने साधं पाणी लावलं आणि डाग सुटायला लागला. तिला नवल वाटलं. "हे कसलं तेल रे गोवर्धन? पाण्याने सुटतं ते काय तेल म्हणायचं?" तो हसून म्हणाला, "ब्रेकचं आहे जमुनाबाय. कपडा सोडतं, पण रंग खातं." फडक्यावर पिवळसर ओल आणि पोपटी रंग उतरला होता. तिने वास घेऊन डोक्यात ठेवला. एकदा घेतलेला वास ती विसरायची नाही.

प्रेम त्याच लॉरीवर मदतनीस होता. ऊस चढवायचा, दोर बांधायचा, मागे उभं राहून शिट्टी मारायची. बावीस वर्षांचा, देखणा, गोड बोलणारा. "वहिनी, वहिनी" करत माझ्या चुलीपर्यंत यायचा. त्या वर्षी त्याला गाडी चालवायचा परवाना मिळाला आणि तो बदलला. त्याला वाटलं आता चाक माझं. चंद्रमोहनबाबूंनी सगळ्यांदेखत सांगितलं, "गोवर्धन आहे तोवर गोवर्धनच." सगळे हसले, प्रेमही हसला. पण त्यानंतर तो माझ्या चुलीपाशी आला नाही. जमुनाबाय म्हणाली, "पोर आहे, राग उतरेल." मीही तेच म्हटलं.

आता आमच्या गल्लीचा गणपती. दीड दिवसांचा. दुसऱ्या दिवशी दुपारी नदीवर न्यायचा, पुढे फेर धरून झाकरी नाचणारे, ढोलकी, झांजा. मूर्ती आणताना आणि नेताना उचलायला पाच पुरुष. त्या पाचांचे कुर्ते एकाच ताग्यातून शिवलेले, पांढरे, गळ्याला लाल धागा. नियम असा की कुर्ता घरीच धुतलेला पाहिजे आणि त्यावर कसला म्हणजे कसला डाग नको. डाग दिसला तर चंद्रमोहनबाबू सगळ्यांसमोर बाजूला व्हायला सांगायचे, आणि मग वर्षभर लोक विचारत राहायचे की काय झालं होतं. दुसरा कुठला कुर्ता घालून चालायचं नाही. त्या पाचांत गोवर्धनही होता आणि प्रेमही होता.

नीट ऐका आता. नको तो डाग पडला असता तर दुसऱ्या कुठल्या गावातल्या माणसाने कुर्ता जाळला असता, नाही तर संडासात टाकला असता. प्रेमला ते करता येत नव्हतं. त्याला तो दुसऱ्या दिवशी अंगात घालायचाच होता. आणि डाग काढायला अख्ख्या मुलखात एकच माणूस होतं, ती त्याची बहीण.

रविवारी चतुर्थी होती. संध्याकाळी आरती झाली, गोवर्धनच्या कुर्त्यावर निरांजनातलं तेल सांडलं. दरवर्षी सांडतं. सोमवारी सकाळी मी तो घेऊन जमुनाबायच्या अंगणात गेले. दगडापाशी बसलो. "कसलं तेल?" "निरांजनातलं. तुला माहीत आहे तरी विचारतेस!" "विचारायचं असतं," ती म्हणाली. पावडर टाकली. तेवढ्यात प्रेम घरातून आला आणि त्याचा कुर्ता तिच्या मांडीवर टाकला. उजव्या बाहीवर, कोपरापासून मनगटापर्यंत, काळा डाग आणि त्याच्या बाजूला ओलसर पिवळा.

"कसलं तेल रे?"

"तेच. समईचं."

"एवढं काळं?"

"काजळी लागली असेल. कर ना बाय लवकर, दुपारी निघायचंय."

आणि तो तिथेच खांबाला टेकून उभा राहिला. एरवी कधी थांबायचा नाही.

तिने बाहीखाली फडकं घातलं, मी दोन्ही हातांनी धरलं. पावडर टाकली. पावडर चिकट झाली, प्यायली नाही. जमुनाबायने ती बोटाने बाजूला केली आणि थोडा वेळ बाहीकडे बघत बसली. मग तिने भांड्यातलं साधं पाणी चमच्याने डागावर सोडलं. पिवळा भाग सुटायला लागला. माझ्या डोळ्यांदेखत सुटला. माझ्या हातातल्या फडक्यावर पिवळी ओल पसरली, तिच्या कडेला काळं, आणि त्या काळ्यात हिरवी रेघ.

"हा हिरवा कसला?" मी विचारलं.

 मीच मूर्खासारखी म्हणाले, "पत्रीचा असेल. काल एकवीस प्रकारची पानं चुरडली ह्यांनी, दूर्वा काय, आघाडा काय. माझ्या पदरालाही लागलाय." आणि हसले. त्या सकाळी सगळ्या गावाचे हात हिरवे होते, मला दुसरं काय सुचणार? पोपटी रंग मी रोज बघत होते. माझ्या अंगणातच उभा होता तो. मान वळवली असती तर दिसला असता.

जमुनाबायने फडक्याला नाक लावलं.  तिने वर बघितलं, भावाकडे. त्याने नजर दुसरीकडे नेली. मी वाट बघत होते की ती आता पुन्हा विचारेल, "कसलं तेल?" गुरुजींना विचारलं तसं, खरं बाहेर पडेपर्यंत. तिने विचारलं नाही. मला ते खटकलं, खोटं सांगत नाही. पण खटकलं म्हणून कोण कुठे काय करतं?

"भगवती," ती म्हणाली, "तू घरी जा. मोदकांचं बघ. कुर्ते मी आणून देते."

"अगं, धरायला कोण—"

"जा म्हटलं ना!"

ती माझ्यावर कधी ओरडायची नाही. मी फणकाऱ्याने उठले. कुंपणापाशी बराच वेळ घुटमळले, तेव्हा घरातून तिचा आवाज आला, दबका पण धारदार. "आज संध्याकाळच्या आत. कळलं? हात ठेव गणपतीवर आणि सांग." मला वाटलं एखाद्या मुलीचं लफडं असेल. ब्रीझे वेर्दिएरच्या चंपाच्या मागे तो असायचा. मी घरी जाऊन नारळ खवला.

तिने मला पुढे सांगितलं ते असं. मी गेल्यावर तिने त्याला घरात नेलं, दार लावलं, आणि दोन थोबाडीत दिल्या. त्याने कबूल केलं. आरतीनंतर सगळे प्रसादाला बसले तेव्हा तो लिचीखाली जाऊन लॉरीखाली शिरला होता, आणि पुढच्या चाकाजवळच्या ब्रेकच्या नळीचा बोल्ट ढिला केला होता. म्हणाला, मला फक्त गाडी अंगणात बंद पडायला हवी होती. गोवर्धनने देखभाल केली नाही असं बाबूंना वाटावं, एवढंच. तिने गल्लीच्या गणपतीसमोर नेऊन त्याचा हात मूर्तीच्या पायावर ठेवला. विसर्जनाहून आलो की घट्ट करतो आणि तेल भरतो, असं त्याने म्हटलं. ती आधी म्हणाली होती, आत्ता कर. तो म्हणाला, आत्ता भर दिवसा भगवतीवहिनीच्या अंगणात शिरलो तर माझं आयुष्य संपलं. हे तिला पटलं. तिने त्याला कडेवर घेतला होता ना, ती त्याला खाली कशी ठेवणार!

मग तिने त्याचा कुर्ता धुतला. काळ्या ग्रीसला रॉकेलचा हात, मग निळा साबण, मग लिंबू, आणि दगडावर उन्हात. दुपारी प्रेम मूर्ती घेऊन निघाला तेव्हा पाचांत सगळ्यांत शुभ्र कुर्ता त्याचा होता. चंद्रमोहनबाबू म्हणाले, "वा, जमुनाचा हात!" ती हसली नाही. मिरवणूकभर ती भावाच्या मागे मागे चालत होती. नदीत मूर्ती बुडाली तेव्हा सगळ्यांनी हात जोडले, ती मात्र गोवर्धनकडे बघत होती. मी चेष्टेने म्हटलं, "काय गो, माझ्या नवऱ्याला दृष्ट लावतेस काय?" तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, गणपती गेला म्हणून.

परत येताना पुरुष बुतिकच्या मागे रम प्यायला थांबले. बुतिक म्हणजे आमच्या चिनी दुकानदाराचं दुकान, पुढे वाणसामान, मागे बाकडी. गोवर्धन प्यायला नाही. मंगळवारी पहाटे ऊस न्यायचा होता. हे मी देवासमोर सांगेन, पोलिसांसमोर सांगितलं. तो घरी आला, दोन मोदक खाल्ले आणि झोपला. रोज संध्याकाळी तो लॉरीखाली वाकून बघायचा, त्या दिवशी सणाच्या गडबडीत नाही बघितलं. मीच म्हटलं होतं, आज राहू द्या. हे मला कुणी विचारत नाही, पण मी रोज स्वतःला विचारते.

प्रेम उशिरा आला, पिऊन. जमुनाबाय उंबऱ्यात बसली होती. "केलंस?" "केलं." तो पांघरूण ओढून झोपला. तिने त्याच्या हातांचा वास घेतला नाही. सगळ्या जगाच्या कपड्यांचा घेत होती, त्या रात्री ह्याच्या हातांचा नाही घेतला.

सकाळी उजाडायच्या सुमाराला गोवर्धनने भोंगा वाजवला, प्रेमला बोलावण्यासाठी. दोनदा. तिसऱ्यांदा. प्रेम पांघरुणातून म्हणाला, "मला ताप आहे. त्याला सांग जायला." जमुनाबायने कपाळाला हात लावला. कपाळ थंडगार होतं.

लॉरी हलली होती. मी दारात केस विंचरत उभी होते. जमुनाबाय अनवाणी, पदर सुटलेला, धावत सुटली. "गोवर्धन! अरे गोवर्धन!" लॉरी वळणाला लागली होती. ती मागे धावत होती, हात हलवत होती, ओरडत होती, इंजिनच्या आवाजात काही ऐकू येईना. आता हेही सांगायला हवं की ती अशी नेहमीच ओरडायची. तिचा साबण संपला की लॉरीच्या मागे जाऊन हाक मारायची, "निळा आण रे!" आणि तो खिडकीतून हात बाहेर काढून हो म्हणायचा. त्या दिवशीही त्याने आरशात तिला बघितलं, हात बाहेर काढला, हलवला. आणतो, आणतो. लॉरी वळली. जमुनाबाय रस्त्यातच खाली बसली.

मी दारातून हसून म्हटलं, "एवढी काय घाई होती साबणाची?"

रिकामी असताना लॉरीने कसंबसं निभावलं. शेतावर ऊस भरला. कारखान्याच्या आधी जो उतार आहे, पुलाकडे जाणारा, तिथे ब्रेक दाबल्यावर काहीच लागलं नाही. पुलाचा कठडा तोडून लॉरी खाली गेली आणि वर सगळा ऊस. त्याला काढायला दुपार झाली. मला काय झालं ते मी सांगणार नाही. ते माझं आहे.

गावाने मात्र सांगायला सुरुवात केली. गणपतीत प्यायला असेल. झोप लागली असेल. गाडीकडे लक्षच नव्हतं त्याचं, रंग फासत बसला होता. चंद्रमोहनबाबू दारात येऊन म्हणाले, "झालं ते झालं, पण काळजी घ्यायला हवी होती त्याने." मेलेल्या माणसाला बोल लावायला काय जातं! आणि प्रेम, मेला, तिरडीला खांदा द्यायला पुढे होता. तोच पांढरा कुर्ता घालून.

जमुनाबाय माझ्या घरात आली नाही. सगळी गल्ली येऊन गेली, ही नाही. कुंपणापलीकडे धुण्याच्या दगडावर बसलेली दिसायची, हातात काही नाही. बायका कुजबुजल्या. मला इतका राग आला की दुःखातही मी म्हटलं, हिचं तोंड पुन्हा बघणार नाही.

बाराव्या दिवशी पोलीस शिपाई एक गाठोडं देऊन गेला. त्यात गोवर्धनचा खाकी शर्ट, लॉरीची किल्ली, घड्याळ. तेराव्याला मेलेल्या माणसाचे कपडे स्वच्छ करून दान करतात आमच्यात. शर्टावर काळे-पिवळे डाग होते. मी शर्ट उचलला आणि कुंपणातून तिच्याकडे गेले. वाटलं होतं, शिव्या देईन. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"जमुनाबाय, एवढा धुऊन दे. डागाचा शर्ट नको द्यायला त्याचा."

तिने हात पुढे केला नाही. मी शर्ट दगडावर टाकला, तर खिशातून ठक्कन काहीतरी पडलं. निळ्या साबणाची वडी, कागदासकट. एक कोपरा चेपलेला.

"हा कुठून?" तिने विचारलं. 

"कुठून म्हणजे? तूच नाही का मागे धावलीस! शेतावर जाताना बुतिकमधून घेतला असेल. तुझ्यासाठी."

 मग तिच्या घशातून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही, माझ्या स्वतःच्या घशातूनही नाही. ती उठून घरात गेली. मी तिथेच उभी. प्रेम आत जेवत होता, भांड्याचा आवाज येत होता. ती पावडरीचा डबा घेऊन बाहेर आली, झाकण उघडलं, आत घडी करून ठेवलेलं फडकं काढलं आणि शर्टाच्या बाहीशेजारी पसरलं.

शर्टाच्या बाहीवर काळं होतं, पिवळं होतं, आणि लोखंडाला घासून लागलेला पोपटी रंग होता. फडक्यावर काळं होतं, पिवळं होतं, आणि पोपटी रेघ होती.

"पत्री नव्हती ती," ती म्हणाली. "तूच धरलं होतंस हे."

मी तिला मारलं. हाताला येईल तिथे मारलं. तिने हात वर केला नाही. मग तिने मला सगळं सांगितलं, जे मी तुम्हाला सांगितलं ते. प्रेम दारात येऊन उभा होता. "बाय, गप्प बस," म्हणत होता, आधी दरडावून, मग रडून, मग लहान मुलासारखा तिचा पदर ओढून. तिने पदर सोडवून घेतला.

आम्ही दोघी बसने फ्लाकला पोलीस चौकीवर गेलो. एका बाकावर बसलो. फडकं तिच्या मांडीवर होतं, दोन्ही हातांनी ताणून धरलेलं. चौकीत अधिकाऱ्याने विचारलं, "हे कुणाच्या कपड्याचं?" ती म्हणाली, "माझ्या भावाच्या." तेवढं एकच वाक्य बोलायला तिला किती वेळ लागला.

प्रेमला शिक्षा झाली. सुटल्यावर तो गावात आलाच नाही. गोवर्धनबद्दल बोलणाऱ्यांची तोंडं बंद झाली, चंद्रमोहनबाबू माझ्या दारात येऊन रडले. आणि जमुनाबायकडे पुन्हा कुणी कपडा दिला नाही. अर्धा गाव म्हणायचा, कळूनही गप्प बसली. उरलेला म्हणायचा, पाठच्या भावाला तुरुंगात घातलं. नऊ वर्षं ती त्या घरात एकटी राहिली. मी तिच्याशी बोलत नव्हते. कुंपण दुरुस्तही करत नव्हते. का, ते मला विचारू नका.

तिची ती एक संध्याकाळ मी माफ केलेली नाही. करणारही नाही. पण मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. ते फडकं धुवायला तिला दहा मिनिटं लागली असती. पाणी, साबण, लिंबू, ऊन, आणि कुणाला कधी काही कळलं नसतं. बारा दिवस ते तिच्या घरात होतं, आणि तिने ते धुतलं नाही.

गेल्या वर्षी थंडीत ती गेली. बायका कोणी येईनात. मी गेले. तिच्या पेटीत एकच बरी साडी होती, पांढरी, आणि तिच्या पदराला तेलाचा डाग. मी साडी दगडावर नेली. घरी येऊन कपाटातून तो साबण काढला. नऊ वर्षं तसाच होता, कागद पिवळा पडलेला, वडी दगडासारखी वाळलेली. डागाखाली फडकं घातलं. धरायला कुणी नव्हतं, म्हणून त्याची दोन टोकं गुडघ्यांखाली दाबली.

"कसलं तेल?" मी मोठ्याने विचारलं. वास घेतला. खोबरेल होतं, समईचं.

मग साबण ओला केला. फेस यायला बराच वेळ लागला, पण आला.